अंदमानला निघालेली रजई

मयूर विहारमधल्या आपल्या नव्याकोऱ्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून भालचंद्र टिपणिसांनी एका रविवारी सकाळी जाहीर केलं, की या खेपेची एलटीसी घेऊन आपण अंदमानला जाणार आणि तिथे समुद्राच्या काठाकाठाने मोटारीतून फिरणार. जाहीर केलं ते फक्त बायकोमुलांपुढे. पण टिपणिसांचा आवाज असा, की खालच्या मजल्यावर भटनागर आंटींनी कुकरची शिट्टी उचलून धरून ते ऐकलं, आणि समोरच्या इमारतीतल्या अंबादासकाकांनी अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून "कधी?" असं ओरडून विचारलं. पुढे जे जे झालं, त्याचं मूळ या बाल्कनीत आहे.

एलटीसी म्हणजे सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा देशात कुठेही सहकुटुंब फिरून यायला सरकार देतं ते प्रवासभाडं. टिपणिसांच्या बाबतीत 'देशात कुठेही' म्हणजे आजवर पुणं होतं. कधी मेहुण्याचं लग्न, कधी पुतण्याची मुंज, कधी कुणाची एकसष्टी. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण तिथे सगळेच आपापल्या गावी जात. पण आता स्वतःचा फ्लॅट झाला होता, घरात केबल आली होती, आणि केबलवर एका परदेशी चॅनेलने टिपणिसांना नादाला लावलं होतं. त्यात एका बेटावरच्या वळणावळणाच्या रस्त्यावरून एक उघडी मोटार चालली होती. एका अंगाला हिरवा डोंगर, दुसऱ्या अंगाला निळाशार समुद्र, आणि चालवणाऱ्याचे केस वाऱ्यावर उडत होते. टिपणिसांकडे उडण्याजोगे केस नव्हते, पण बाकीचं सगळं जमण्यासारखं होतं.

सुनीतीवहिनींनी मात्र चॅनेल वगैरे काही पाहिलं नव्हतं. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या, पाठोपाठ वडील गेले, भाऊ पुण्याला स्थायिक झाला आणि वेंगुर्ल्याचं घर विकलं गेलं. तेव्हापासून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात टिपणिसांनी त्यांना यमुनेच्या पुलावर नेऊन "पाणी ते पाणी" असं म्हटलं होतं, आणि सुनीतीवहिनींनी नाकाला पदर लावून मान डोलावली होती. "पुढच्या एलटीसीला समुद्र, शब्द दिला," असं टिपणीस तेव्हा म्हणाले होते. मुलं मोठी झाली, पण तो शब्द अजून येणेच होता.

"मला मोटार नको, हॉटेल नको," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी वाळूत उभं राहायचंय. पायांवरून लाट गेली पाहिजे आणि समोर सूर्य बुडताना दिसला पाहिजे. बाबा रोज न्यायचे. एवढं एकदा दाखवा."

"दाखवणार म्हणजे दाखवणार!" टिपणीस गरजले. खाली भटनागर आंटींनी कुकरची शिट्टी परत उचलली.

ऑफिसात एलटीसीचं काम बघणाऱ्या द्वारकाप्रसादने अर्ज वाचून चष्मा कपाळावर चढवला. नियमाप्रमाणे भाडं रेल्वेचं मिळतं. पोर्ट ब्लेअरला रेल्वे जात नाही असं टिपणिसांचं म्हणणं असेल, तर त्याचा पुरावा कुठाय? टिपणिसांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. नकाशा हा पुरावा होत नाही, कारण त्यावर कुणाची सही नाही, असं द्वारकाप्रसादचं मत पडलं. टिपणिसांनी रेल्वेला पत्र पाठवून अंदमानला रेल्वे नसल्याचा दाखला मागितला. रेल्वेने उलट विचारलं, की नसलेली रेल्वे कोणत्या विभागातली, ते कळवावं, म्हणजे संबंधितांकडे पत्र धाडता येईल. मधल्या काळात टिपणिसांनी करोल बागेत जाऊन काळा गॉगल आणि पांढरी टोपी घेऊन ठेवली होती. रात्री जेवून झालं की ते दोन्ही चढवून आरशापुढे उभे राहत.

शेवटी फाइल सोडवली ती त्यांचे साहेब, अंडर सेक्रेटरी माथुर यांनी. त्यांनी एक झोकदार सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि ते हसले. साहेब हसले की सेक्शनमधली जाणती मंडळी आपापल्या फाइली उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकत.

"टिपनिस जी, मेरा छोटा भाई वहीं पोस्टेड है. इंजिनिअर है. अम्मा ने उसके लिए एक छोटी सी चीज़ भेजनी थी. आप तो जा ही रहे हैं..."

छोटी चीज़ दुसऱ्या दिवशी टिपणिसांच्या टेबलावर आली, आणि तिच्यामागे टेबल दिसेनासं झालं. मरून मखमलीची, नव्या कापसाने गच्च भरलेली डबल रजई होती ती.

"सर, अंदमान में..." टिपणीस चाचरत म्हणाले, "वहाँ तो गरमी..."

"अक्टूबर है, टिपनिस जी," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "सर्दी आने में देर कितनी है?"

टिपणिसांचा एक जन्मजात दोष आता सांगायलाच हवा. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. एवढा खणखणीत आवाज, पण त्यातून हा एक शब्द काही निघत नसे. आणि दिल्लीत 'आप तो जा ही रहे हैं' या वाक्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. ते म्हटलं की समोरच्याने हात पुढे करायचा, ही इथली रीत. रजई घरी आल्याचं सोसायटीत कळलं आणि बांध फुटला. अंबादासकाका हे मराठी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी जहाजप्रवासावर तासभर मार्गदर्शन केलं. लिंबू चोखत राहायचं, डाव्या कुशीवर झोपायचं नाही, खलाशांशी वाद घालायचा नाही. स्वतः ते फक्त इंडिया गेटच्या तलावातल्या बोटीत बसले होते, पण ते अनुभव म्हणूनच सांगत होते. उठताना त्यांनी पुतणी पद्मजासाठी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि सांडग्यांचे दोन डबे पुढे केले. पद्मजाचा नवरा पोर्ट ब्लेअरला बँकेत होता.

"वाटेतच आहे तिचं घर," काका म्हणाले. पोर्ट ब्लेअर कोणत्या दिशेला आहे हे त्यांना विचारायची टिपणिसांना भीड पडली.

भटनागर आंटींचा भाऊही तिथेच होता. त्याच्या फियाटचा साइलेन्सर फुटला होता आणि तसा साइलेन्सर म्हणे करोल बागेशिवाय जगात कुठे मिळत नाही. आंटींनी तो मागवून ठेवला होता. चांगला पुरुषभर लांबीचा, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे वाकडा.

"लेकिन आंटी जी, ट्रेन में..."

"सीट के नीचे आ जाएगा बेटा. आप तो जा ही रहे हैं."

"अहो, आपण फिरायला चाललोय की बदली झालीये?" सुनीतीवहिनींनी सामानाचा ढीग बघून विचारलं.

"सगळं वाटेतच आहे गं," टिपणीस म्हणाले. "दारात उभं राहून द्यायचं आणि निघायचं. फारतर मिनिटभर."

साइलेन्सर सीटखाली मावला नाही. मद्रासपर्यंत तो मानसच्या शेजारी बर्थवर झोपून आला. बंदराच्या फाटकावर एका शिपायाने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, त्यातून आरपार पाहिलं आणि विचारलं, "ये क्या है?"

"साइलेन्सर है," टिपणीस म्हणाले.

"गाड़ी कहाँ है?"

"गाड़ी पोर्ट ब्लेअर में है."

"आपकी गाड़ी?"

"नहीं, आंटी के भाई की."

"आपकी आंटी?"

"नहीं, नीचेवाली आंटी."

शिपायाने साहेबाला बोलावलं, साहेबाने मोठ्या साहेबाला बोलावलं. भारत सरकारच्या एका सेक्शन ऑफिसरची अख्ख्या रांगेसमोर अशी झाडाझडती झाली. टिपणिसांनी गॉगल काढून खिशात ठेवला. त्यांना तो चढवण्याचा हुरूप पुन्हा बरेच दिवस आला नाही.

जहाजात लिंबाने काही केलं नाही. टिपणीस, बारा वर्षांची कृतिका आणि आठ वर्षांचा मानस असे तिघेही आडवे झाले. सुनीतीवहिनींना समुद्र लागला नाही, पण समुद्र बघायलाही मिळाला नाही. त्यांनी तो प्रवास खालच्या केबिनमध्ये तीन बादल्यांची व्यवस्था बघत काढला. आणि पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर जो पाऊस लागला, तो थांबायलाच तयार नव्हता. सरकारी रेस्ट हाउसच्या खिडकीतून समोरची भिंत दिसे. मुलं पत्ते खेळून कंटाळली, टिपणीस दारात जाऊन आभाळाकडे बघत आणि आभाळाची बाजू घेत परत येत. सुटीचा पहिला दिवस संपला, दुसरा संपला. उरला फक्त एक दिवस, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचं जहाज होतं.

आणि त्या दिवशी लख्ख ऊन पडलं!

टिपणीस पलंगावरून उडी मारूनच उठले. गॉगल चढला, टोपी चढली. उघडी जीप काही मिळाली नव्हती. मिळाली ती शंकर नावाच्या हसऱ्या, गोलमटोल ड्रायव्हरची पांढरी अॅम्बॅसेडर. तिच्या मागच्या काचा वर येतच नसत, तेव्हा ती निम्मी उघडीच होती. शंकरने रजई, साइलेन्सर आणि डबे टपावरच्या कॅरिअरवर बांधले आणि गाडीला प्रेमाने थाप मारली.

"आधी समुद्र बघू, मग पार्सलं," वहिनी म्हणाल्या.

"अगं, सूर्यास्ताला केवढा वेळ आहे! दिल्लीत सहा वाजेपर्यंत उजेड असतो. चिडिया टापूवर आपण आरामात पोचू. तिथला सूर्यास्त म्हणे बघतच राहावा. आणि सगळं वाटेतच आहे."

घड्याळ सरकारने अख्ख्या देशाला एकच दिलंय हे खरं. पण सूर्याला ते सर्क्युलर मिळालेलं नव्हतं. अंदमानात तो पाचच्या सुमाराला आटोपतो. हे शंकरला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

पद्मजाचं घर गावातच होतं. दारात उभं राहून डबे द्यायचे आणि निघायचं, हे टिपणिसांनी गाडीत सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. पद्मजाने दार उघडलं, टिपणिसांचं "नमस्कार, आम्ही मयूर विहारहून" एवढंच ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मराठी! किती दिवसांनी कुणीतरी मराठी बोलतंय! आत या, आत या. पोह्यांशिवाय सोडणार नाही."

"नाही म्हणजे, खरं तर..." टिपणीस म्हणाले आणि आत जाऊन बसले. पोहे झाले, मग काकांच्या तब्येतीचा विषय झाला, मग मंडळाच्या निवडणुकीचा झाला. तोवर पद्मजाने त्याच भाजणीची थालीपिठं लावली. बाहेर व्हरांड्यात शंकरला बशीभर पोहे आणि दोन थालीपिठं मिळाली. निघताना तो टिपणिसांना म्हणाला, "साहब, ऐसा पसिंजर पहली बार मिला."

गावाबाहेर पडून गाडीने एक वळण घेतलं, आणि डावीकडे एकदम समुद्र आला. आधी नारळांच्या बुंध्यांमधून तुकड्यातुकड्याने, आणि मग एकदम सगळाच. हिरवा, निळा, मध्येच जांभळट, आणि दगडांवर पांढरा फुटणारा. रस्ता त्याला चिकटून चालला होता आणि काच नसलेल्या खिडकीतून तुषार आत येत होते. चौघंही एकदम ओरडले.

"बाबा, हे सगळं पाणी रिअल आहे?" मानसने विचारलं.

"बिल्कुल रिअल!" टिपणीस ओरडले. त्यांनी टोपी काढून हातात धरली, डोकं खिडकीबाहेर काढलं आणि ते लहान पोरासारखे हसायला लागले. हेच ते! डोंगर इकडे, समुद्र तिकडे, आणि मध्ये भालचंद्र टिपणीस! कृतिका "मम्मी, लुक! मम्मी, तिकडे!" करत वहिनींच्या मांडीवर चढली होती. वहिनींनी फक्त एक हात बाहेर काढला आणि ओल्या बोटांची चव घेतली.

"इथे थांबू या का?" त्यांनी विचारलं.

"थांबणार ना! येताना थांबू. आधी तो साइलेन्सर."

आणि गाडी समुद्राकडे पाठ करून आंटींच्या भावाच्या गाराचरमा गावाच्या दिशेने आत वळली.

भटनागर आंटींचा भाऊ साइलेन्सर बघून फार खूश झाला. त्याने तो कुरवाळला. आणि मग म्हणाला, फियाट तर आपण पावसाळ्यापूर्वीच विकली.

"विकली?" टिपणिसांचा आवाज चिरकला.

"दीदी को बताना भूल गया. कोई बात नहीं, जिसको बेची है वो मास्टर जी पास में ही रहते हैं. आप तो जा ही रहे हैं, उन्हीं को दे दीजिए. लेकिन पहले नाश्ता."

मास्तरांचं घर पासमध्ये नव्हतं. ते एका टेकडीमागे होतं. मास्तर बंगाली होते आणि अतिशय भले होते. कोणीतरी दिल्लीहून, रेल्वेने आणि जहाजाने, आपल्या गाडीचा साइलेन्सर खांद्यावर वाहून आणला, हे ऐकून त्यांना भरून आलं. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून ही माणसं दाखवली. मग माशाचं कालवण आणि भात आला. मानसला साइलेन्सरसोबत उभं करून त्यांनी एक फोटोही काढला. शंकर तर पंगतीतच बसला आणि त्याने दोनदा भात घेतला. गाडीत बसताना त्याने पट्टा एक भोक ढिला केला.

"शंकर, अब सीधा चिडिया टापू!" टिपणीस ओरडले.

"और रजाई, साहब?"

रजई! माथुरसाहेबांची रजई! ती राहून चालणार नव्हतं. इतक्या लांब येऊन ती न देता परत जाणं म्हणजे उरलेली नोकरी रेकॉर्ड रूममध्ये काढणं.

"अहो, ऊन बघा किती तिरकं झालंय," वहिनी हळूच म्हणाल्या.

टिपणिसांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, आणि पुढे वाकून शंकरच्या खांद्यावर थाप मारली. "शंकर, यहाँ सूरज कब डूबता है?"

"अभी डूबेगा साहब," शंकर आनंदाने म्हणाला. "पाँच बजे के बाद तो यहाँ शाम खतम."

छोट्या माथुरांचा बंगला चिडिया टापूच्या रस्त्यावरच्या सरकारी वसाहतीत होता. म्हणजे तो खरोखरच वाटेत होता. दिवसभरातली ही पहिलीच गोष्ट. "दारात द्यायची," टिपणीस म्हणाले. "मी उतरणारसुद्धा नाही." शंकर दोऱ्या सोडायला टपाकडे वळतो न वळतो तोच छोटे माथुर धावत बाहेर आले.

"दिल्ली से आए हैं! अरे, रजाई-वजाई बाद में, पहले अंदर तो आइए! मिसेज़ पूरियाँ तल रही हैं."

साहेबांचा भाऊ. साहेबांसारखाच हसत होता. टिपणीस उतरले.

आत सोफा होता. सोफ्यावर सुनीतीवहिनींना अगदी आग्रहाने मधोमध बसवण्यात आलं. समोर भिंत होती, आणि भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर समुद्र होता, नारळाची झाडं होती आणि लाल सूर्य अर्धा पाण्यात बुडालेला होता. माथुरांची छोटी नीरजा पुढे येऊन हात जोडून कविता म्हणायला लागली. तिला एकूण सात कडवी येतात, असं तिच्या आईने स्वयंपाकघरातून कौतुकाने सांगितलं. तेलात पुरी टाकल्याचा आवाज आला.

टिपणिसांनी वहिनींकडे पाहिलं. त्या कॅलेंडरकडे बघत होत्या. रागाने नाही, रडवेल्याही नाही. आपल्या वाट्याला जे आलं ते नीट बघून घ्यावं, तशा त्या कॅलेंडरातला सूर्य बघत होत्या. चपला त्यांनी दाराशी काढल्या होत्या आणि त्यांचे पाय चटईवर अगदी शेजारी शेजारी ठेवलेले होते. कोरडे पाय.

टिपणिसांना स्वतःची अशी लाज वाटली, की बंदरावरच्या झडतीत वाटली होती ती काहीच नव्हती.

"नहीं, असल में..." ते म्हणाले. कुणाला ऐकू आलं नाही. नीरजाचं दुसरं कडवं चालू होतं.

"जी, हम ज़रा..." ते पुन्हा म्हणाले. समोर ताट आलं.

मग टिपणीस उठून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो थेट मयूर विहारच्या बाल्कनीतला.

"नहीं! बिल्कुल नहीं! हम पूरी नहीं खाएँगे! हमें समुद्र देखना है!"

कविता थांबली. स्वयंपाकघरात झारा पडला. छोटे माथुर हात पुढे केलेल्या अवस्थेत तसेच राहिले. टिपणीस स्वतःच इतके दचकले, की पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. पण सुनीतीवहिनी तोवर उठल्या होत्या, त्यांनी एका हाताने दोन्ही चपला आणि दुसऱ्या हाताने मानसला उचललं होतं आणि त्या दाराबाहेर होत्या. "माफ कीजिए, पूरी बहुत अच्छी है," असं न खाल्लेल्या पुरीबद्दल म्हणून टिपणीस त्यांच्यामागे पळाले. शंकर व्हरांड्यात पहिली पुरी तोंडात घालत होता.

"शंकर! भगाओ!"

आणि शंकरने भगवली! एका हातात पुरी, एका हातात स्टिअरिंग. दिवसभर जेवणाजेवणाने रेंगाळलेली ती अॅम्बॅसेडर आता जंगलातल्या वळणांवरून अशी सुटली, की टिपणिसांचा गॉगल एका वळणावर उडाला आणि टोपी दुसऱ्यावर. "जाऊ दे!" ते ओरडले. झाडांमधून सूर्य पळत होता, कधी उजवीकडे, कधी समोर. "दिसतोय! अजून दिसतोय!" कृतिका ओरडत होती. "जल्दी शंकर भैया, जल्दी, यार!" मानस सीटवर उड्या मारत होता. वहिनींनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि त्याही ओरडत होत्या. काय ओरडत होत्या ते त्यांनाही नंतर आठवलं नाही.

रस्ता संपला, झाडं संपली, आणि समोर वाळू. सूर्य अजून होता. पाण्यापासून हातभर वर, तांबूस, मोठा, आणि जराही घाईत नसलेला.

गाडी पुरती थांबायच्या आधी वहिनींनी दार उघडलं. चपला हातातच होत्या, त्या त्यांनी फेकल्या आणि साडी गुडघ्यापर्यंत धरून त्या धावत सुटल्या. दिल्लीत बसमागेही कधी न धावलेली ही बाई अशी धावू शकते, हे टिपणिसांना ठाऊक नव्हतं. पहिली लाट त्यांच्या घोट्यावरून गेली आणि त्या जागीच थांबल्या. पाठमोऱ्या. खांदे हलत होते. टिपणीस बूटमोज्यांसकट पाण्यात शिरले आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"रडतेस?"

"हो," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. "मजा येतेय."

तेवढ्यात मागून कृतिकाची हाक आली. "बाबा! टपावर काय आहे बघा!"

टपावर रजई होती. मरून मखमल मावळतीच्या उन्हात झगमगत होती. 'नाही' म्हणण्याच्या त्या थोर क्षणी ती द्यायची राहून गेली होती. टिपणिसांचा चेहरा पडला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांपुढे रेकॉर्ड रूमची ट्यूबलाइट चमकून गेली.

"आणा ती इकडे," वहिनी पाण्यातूनच म्हणाल्या. "वाळू ओली आहे. बसायला होईल."

"अगं, साहेबांच्या अम्मांची..."

"आणा म्हटलं ना."

सगळे त्या रजईवर बसले, शंकरसुद्धा, एका कोपऱ्यावर, पुरीचा शेवटचा तुकडा चघळत. सूर्य पाण्याला टेकला, पसरला, अर्धा झाला. वहिनींनी टिपणिसांचा हात धरला होता, मुलांच्या आणि ड्रायव्हरच्या देखत. टिपणिसांना वाटलं, बस, आता काहीही होऊ दे. शेवटची लाल कड पाण्याखाली गेली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी भरतीची एक मोठी लाट आली. समुद्राच्या गावच्या वहिनींना तिची चाहूल लागायला हवी होती, पण त्या दिवशी त्या पाहुण्या होत्या. लाट रजईवरून गेली आणि नव्या कापसाने बंगालचा उपसागर मनसोक्त पिऊन घेतला. ती टपावर चढवायला सगळे लागले. परत येताना माथुरांच्या बंगल्यावरून जाताना टिपणीस सीटवर आडवे झाले आणि टपावरून पाण्याची धार मागे लागली होती. पहाटे जहाज होतं. संपूर्ण परतीच्या प्रवासात रजई कठड्यावर वाळत होती आणि खलाशी तिच्याकडे बघून आपसात काहीतरी बोलत. टिपणिसांना समुद्र परत लागला, पण या वेळी वहिनी डेकवरच होत्या. बादल्यांचं तुमचं तुम्ही बघा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

ऑफिसात पहिल्याच दिवशी बोलावणं आलं. माथुरसाहेबांनी चपराशाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"भाई का फोन आया था," साहेब म्हणाले. "आपने रजाई नहीं दी."

"सर, वो..."

"बहुत धन्यवाद कह रहा था. अम्मा हर साल एक भेजती हैं. अलमारी में जगह नहीं बची उसके." साहेबांनी आवाज खाली आणला. "अम्मा को मैंने कह दिया है, मिल गई. आप भी यही कहिएगा. और एक बात बताइए, टिपनिस जी." ते टेबलावरून पुढे झुकले. आता त्यांच्या चेहऱ्यावर साहेबाचं काही उरलं नव्हतं. "सुना, आपने वहाँ सीधे 'नहीं' बोल दिया. पूरी सामने रखी थी, फिर भी. कैसे बोला?"

त्या हिवाळ्यात दिल्लीत कडाक्याची थंडी पडली. मरून रजई मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर पांघरली जाऊ लागली. कितीही झटकली तरी तिच्या शिवणींतून बारीक वाळू पडे, आणि नाकाशी धरली की खारट, ओलसर वास येई. टिपणिसांना शिंका येत.

"सुनीती, ही एकदा पिंजाऱ्याकडे देऊ या," एका रात्री ते म्हणाले. "कापूस पिंजून, धुऊन आणली की छान होईल. मी उद्या तिकडे जातोच आहे."

वहिनींनी रजई हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

"नाही," त्या म्हणाल्या. "बिल्कुल नाही."